मुंबई परळच्या बाजूने दाखवा

गेल्या दिवाळीत आमच्या चाळीतल्या एका सोबत्याच्या बहिणीचा नातू मुंबई बघायला आला. पाटणकडचा पोरगा, बारावी पास, जन्मात पहिल्यांदा मुंबईत. दोन दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडला आणि दुसऱ्या रात्री गॅलरीत बसून त्याने आम्हाला हिशेब दिला. गेटवे पाहिला, ताज हॉटेल बाहेरून पाहिले, बोरीबंदरची इमारत रात्रीच्या दिव्यांत पाहिली, म्हातारीच्या बुटात चढला, राणीचा रत्नहार पाहिला, हाजीअलीला जाऊन आला आणि एका नटाच्या बंगल्यासमोर तासभर उभा राहिला. "आबा, समदी मुंबई बघून झाली," म्हणाला. आम्ही हसलो. मग पोरगा सहज बोलून गेला, "आता तुमची गिरणी तेवढी दावा, म्हंजी उद्या एस. टी. धरतो."

आमचे हसू तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन आम्ही चौघे लोअर परळला गेलो. आबा, म्हणजे आमचा सोबती, एकवीस वर्षे लूमखात्यात होता. ज्या फाटकातून तो तिन्ही पाळ्यांना आत-बाहेर करत असे ते फाटक आता नाही. तिथे काचेचा मनोरा आहे आणि खाली मोटारी ठेवायचे मजले आहेत. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "किससे मिलना है?" आबा म्हणाला, "कुणाला नाय बाबा. हितं माझा लूम हुता, तो पोराला दावायचाय." पहारेकरी भला माणूस. तोही बिचारा बारा तास उभा, त्याचेही गाव कुठेतरी लांब. त्याने नुसती मान हलवली आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितले, कारण मागून मोटार येत होती. आबाने मग रस्त्यावरूनच हात करून दाखवले: तिकडे साचाखाते, तिकडे लूम, त्या कोपऱ्यात चिमणी, आणि ह्या इथे पगाराच्या दिवशी व्याजाचा पठाण उभा असायचा. पोरगा वर बघत राहिला. त्याला त्यातले काय दिसले ते त्याचे त्यालाच ठाऊक.

तेव्हापासून आमच्या चाळीत ज्या गोष्टीवर वाद चालला आहे ती आज छापून तुमच्यापुढे ठेवत आहोत.

मुंबई बघायला देशाच्या कानाकोपऱ्यातून आणि सातासमुद्रापलीकडून माणसे येतात. येऊ देत, शहर बघण्यासारखेच आहे. पण येणाऱ्या प्रत्येकाला एकाच वाटेने हिंडवतात. गेटवेला उतरवायचे, कोटातल्या दगडी इमारतींपुढे उभे करायचे, ही अमक्या साहेबाने बांधली, त्या मनोऱ्याला तमक्या शेठने पैसे दिले असे सांगायचे, चौपाटीवर भेळ चारायची आणि मलबार हिलवरून समुद्र दाखवून सोडून द्यायचे. सांगतात ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. साहेबाचे नाव दगडावर कोरलेले आहे, शेठचेही आहे. पण हे सगळे उभे करायला जो पैसा लागला तो आला कुठून? तो कापूस कुणी वेचला, ते सूत कुणी काढले, तो दगड कुणी फोडला? हे प्रश्न त्या वाटेवर कुणी विचारत नाही, कारण त्या वाटेवर उत्तर द्यायला कुणी उभाच नसतो.

आणि दुसऱ्याला काय बोलायचे? आपण स्वतः काय करतो? गावचा पाहुणा आला की आपणही त्याला आधी गेटवेलाच नेतो! गिरण्या धडधडत होत्या तेव्हाही आपण तेच केले. आमच्यातल्या कित्येकांनी फोटोवाल्याकडे रंगवलेल्या समुद्राच्या पडद्यापुढे उभे राहून तसबिरी काढल्या आणि गावाला धाडल्या. गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत होतो, हे बायकोला सुद्धा कळू दिले नाही. शिमग्याला जाताना ट्रंक घासूनपुसून, अत्तर लावून एस. टी.त बसलो. गाववाल्यांना वाटले, ह्याची मुंबई म्हणजे तीच तसबिरीतली. लाज वाटत होती, दुसरे काय! ती लाज आज बाजूला ठेवावी लागेल, नाहीतर आपण गेल्यावर आपण इथे होतो हे सांगायला आपली नातवंडेसुद्धा उरणार नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मुंबई उलट्या बाजूने दाखवायला सुरुवात करा. परळला उभे राहा, दक्षिणेकडे तोंड करा आणि चालत सुटा. गेटवे शेवटी बघा. इमारती त्याच, रस्ते तेच, पण वाट उलटली की अर्थ सुद्धा उलटतो की नाही ते बघा.

परळला काय आहे, असे कोण म्हणतो? लाटसाहेबाचा मुक्काम एके काळी परळलाच होता. ज्या वाड्यात गव्हर्नर राहत होता तिथे आज हाफकिन संस्था आहे. १८८० च्या दशकात साहेबाने बिऱ्हाड मलबार हिलवर समुद्राच्या वाऱ्याला हलवले आणि मागे राहिली ती गिरण्यांची धुरांडी आणि आपण. १८९६ साली मांडवीला प्लेग निघाला, हां हां म्हणता शहरभर पसरला, लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली. मग १८९९ साली त्याच वाड्यात हाफकिनसाहेबाची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली. पाहुण्याला हा वाडा दाखवा. जिथे लाटसाहेबाच्या मेजवान्या झडल्या तिथे प्लेगची लस बनली, हे त्या जागेचे खरे भाग्य!

तिथून जवळच पोयबावडीची बी. आय. टी. चाळ. प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारण्यासाठी जो ट्रस्ट काढला त्याने बांधलेली. ह्या चाळीच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर दोन तपे राहिले. बॅरिस्टर झाले, कायदेमंडळात बसले, तरी राहायला परळच्या चाळीत. पाहुण्याला राजगृह दाखवाच, पण आधी ही चाळ दाखवा. आणि दाखवताना एक गोष्ट लपवू नका. ज्या लूमखात्याचा आम्हाला एवढा अभिमान, त्या लूमखात्यात दलित कामगाराला घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळ! त्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांना तोंडावर विचारला. तो संप सहा महिने चालला, मुंबईचा कामगार लाल बावट्याखाली एक झाला असे आपण छाती फुगवून सांगतो. सांगा, पण हेही सांगा. आपली वस्ती दाखवायची म्हणजे पांढरी भिंत तेवढी दाखवायची नाही.

दामोदर हॉल दाखवा. नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिच्या आश्रयाने हे नाट्यगृह उभे राहिले. रात्रपाळी करून आलेला माणूस इथे डोळे चोळत दशावतार आणि कामगार नाटके बघत असे. मिशीवाल्या जॉबराचा खून झाला की पडद्यावर शिट्ट्या! ह्याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी १९२४ साली बैठक घेतली. कोटातल्या कुठल्या थिएटराला हा इतिहास आहे?

परळलाच एल्फिन्स्टन मिलचे आवार होते. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी विलायती कापडाची पहिली मोठी होळी ह्या आवारात पेटवली. मिल उमर सोबानींची. गिरणीच्या दारात कापड जळत होते आणि कापड विणणारे ते बघत होते, ह्याहून मोठा देखावा गेटवेवर कधी झाला असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांनी बंड केले तेव्हा २२ तारखेला गिरण्या बंद पाडून आपण रस्त्यावर आलो. परळमध्ये गोळीबार झाला. कमल दोंदे ह्या कार्यकर्त्या त्यात पडल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसे मेली. इंग्रज निघून जाण्याच्या गोष्टी सांगताना मांडीला मांडी लावून झालेल्या वाटाघाटी सांगतात, तेव्हा परळचा हा रस्ताही कुणीतरी दाखवायला नको काय?

लालबागेत या. गणपतीचे दहा दिवस आख्खा देश लालबागला येतो, रांगेत बारा बारा तास उभा राहतो. पण मान वर करून आजूबाजूला बघत नाही. १९३४ पासून हा गणपती बसतो तो इथल्या कोळ्यांच्या आणि दुकानदारांच्या नवसाने. त्यांना हक्काची बाजाराची जागा हवी होती. रांगेतल्या किती जणांना हे ठाऊक असते? पाहुणा दर्शनाला आलाच तर त्याला रांगेतच ही गोष्ट सांगा, वेळ भरपूर असतो.

आणि खानावळी! गिरणगावात बाईमाणसाने काय केले असे विचारले तर लोक रिळखात्यातल्या बायांची आठवण काढतात. बरोबरच आहे. पण घरातली बाई पंधरा-वीस परक्या माणसांना दोन वेळा भाकरी घालत होती, महिन्याच्या उधारीवर. संप लागला की उधारी बुडायची, तरी चूल बंद व्हायची नाही. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी ह्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे बँकेने त्यांच्याकडे बघितले. ताज हॉटेल बाहेरून दाखवता ना? मग जिच्या हातचे खाऊन मुंबईतला गिरणीमजूर जगला तिची चूल आतून दाखवा.

आता पुढे भायखळा. राणीच्या बागेत वाघ बघायला सगळेच जातात. शेजारच्या संग्रहालयात कितीजण शिरतात? १८७२ साली उघडले तेव्हा राणी आणि तिच्या नवऱ्याचे नाव होते, १९७५ पासून भाऊ दाजी लाडांचे आहे. मागच्या आवारात राज्यकर्त्यांचे पुतळे आणून ठेवले आहेत. राणीचा संगमरवरी पुतळाही तिथेच, ज्याला दामोदर चापेकरांनी डांबर फासले होते. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही १९६५ साली कोटातून उचलून ह्या बागेत आणला. आमच्या चाळीतली पोरे म्हणतात, रिटायर झालेल्यांना इकडेच पाठवतात वाटते! त्यांना आम्ही म्हटले, अरे, राजाला निदान बाग मिळाली.

भायखळ्याहून खाली आले की क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. १८६९ ची इमारत. दारावरच्या दगडी चित्रांत शेतकरी कोरले आहेत, ते जे. जे. स्कूलच्या लॉकवूड किपलिंगसाहेबाचे काम. इथे पाहुण्याला जरा थांबवा. मंडईला नाव जोतिबांचे, आणि जोतिबांचा सत्यशोधक सोबती म्हणजे आपले नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी बाँबे मिल हँड्स असोसिएशन काढली. तेव्हा गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही. सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तुमचा पाहुणा बहुतेक रविवारीच मुंबई बघायला निघतो. ज्या रविवारी तो हिंडतो तो रविवार कुणी मिळवून दिला, हे त्याला मंडईच्या दारात सांगितले तर काय बिघडेल?

मंडईपासून चार पावलांवर काळबादेवी. कापडबाजार. १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाने भरलेला ट्रक अडवायला बाबू गेनू आडवा पडला. ट्रक त्याच्या अंगावरून गेला. बावीस वर्षांचा पोरगा, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत कामाला. तुमच्या-आमच्यासारखाच घाटावरून पोट भरायला आलेला. त्याच्या नावाची गल्ली आहे. खरेदीला येणाऱ्यांची तिथे एवढी गर्दी असते की नावाची पाटी बघायला मान वर करता येत नाही. तरी बघा.

ह्यानंतर बोरीबंदर. आता ह्या इमारतीपुढे उभे राहिलेल्या पाहुण्याच्या डोक्यात परळ आहे, भायखळा आहे, काळबादेवी आहे. आता त्याला ही इमारत बघू द्या. १६ एप्रिल १८५३ रोजी इथून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ३४ किलोमीटर. गाडी काय साहेबाच्या सहलीसाठी काढली नव्हती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस लवकर बंदराला यावा म्हणून ह्या रुळांचा खटाटोप. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच काळात कोटाच्या भिंती पाडल्या, जुन्या चर्चगेटच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे केले, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली आणि एका रात्रीत शेठ लोकांचे दिवाळे वाजले. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले, पण मनोरा १८७८ साली पुरा झाला. कापूस पिकवणाऱ्याच्या नावाचा एखादा मनोरा आहे काय कोटात? आम्ही तरी पाहिला नाही.

बोरीबंदरची आजची इमारत स्टीव्हन्ससाहेबाची. १८७८ ला काम सुरू झाले, दहा वर्षे लागली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. काम सुंदर आहे हे आम्ही कबूल करतो. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला आपले काय जाते? पण मालाडचा-कुर्ल्याचा दगड फोडणारे, घडवणारे, डोक्यावर वाहणारे कोण होते? त्यांत मराठी होते आणि तेलंगणातून आलेले कामाठीही होते, ज्यांच्या नावाने कामाठीपुरा वसला. गिरणीतसुद्धा कोकणी, घाटी, उत्तरेकडचा जुलाहा, मद्रासी असे सगळे एका भोंग्यावर उठत होते. मुंबई महाराष्ट्राची आहे हे आपण रक्त सांडून सिद्ध केले. पण दुसऱ्या भाषेच्या घामाला आपण कधी नाही म्हटले नाही, आणि पाहुण्यालाही तसे सांगायचे नाही.

समोर आझाद मैदान. घरांसाठी आपण कितीदा तिथे बसलो आहोत ते तुम्हाला सांगायला नको. १८५७ साली ह्याच मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिले होते.

मग हायकोर्ट. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती ह्या इमारतीत. त्यावर उत्तर मुंबईच्या वकिलांनी दिले नाही, वर्तमानपत्रांनी दिले नाही. उत्तर गिरण्यांनी दिले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप! गोळ्या खाल्ल्या, पण सहा दिवस पुरे केले. तेव्हा ना युनियन होती, ना संपाचा फंड. हायकोर्टाची कमान दाखवणारे हे सांगतात काय? विचारून बघा.

आणि तिथून दोन मिनिटांवर आपली जागा. फाउंटनची रोमन देवी अजून पाण्यात उभी आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण चौक हुतात्म्यांचा आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरण्या बंद ठेवून, परळ-लालबाग-शिवडीहून, आज आम्ही ज्या वाटेने चालायला सांगतो आहोत त्याच वाटेने आपली माणसे चालत इथे आली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र एवढेच मागणे. गोळीबार झाला, पंधरा माणसे पडली. पुढच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात द्यायचे जाहीर झाले आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. शंभराहून अधिक जीव गेले, तेव्हा १ मे १९६० आला. त्या दिवसांत शेठजींचे म्हणणे काय होते? भांडवल आमचे, म्हणून मुंबई आमची. त्याला उत्तर म्हणून चौकात मशाल धरून दोघेजण उभे केले आहेत: एक शेतकरी, एक कामगार. परदेशी पाहुणे त्या दोघांकडे पाठ करून फाउंटनचा फोटो काढतात. त्यांचा राग कशाला धरायचा? त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

आता न्या पाहुण्याला गेटवेला. गंमत सांगू? ज्या राजाच्या स्वागताची ही कमान, त्याला ती बघायलाच मिळाली नाही. तो १९११ साली उतरला, पायाचा दगड १९१३ साली बसला, आणि काम पुरे व्हायला १९२४ उजाडले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून बोटीत चढली. म्हणजे कमान उपयोगी पडली ती जाताना! १६६१ साली पोर्तुगालच्या राजाने बहिणीच्या लग्नात हे बेट इंग्रजाला आंदण दिले, आणि १६६८ साली इंग्रजाच्या राजाने ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिले. कोळ्यांना कुणी विचारले नाही, मुंबादेवीला तर नाहीच. आज दहा पौंडांत लोअर परळला एक फरशी सुद्धा यायची नाही.

परळहून गेटवेला आलेला पाहुणा ही कमान वेगळ्या डोळ्यांनी बघतो. आम्ही करून पाहिले आहे म्हणून सांगतो. दिवाळीनंतर दोनदा ह्या वाटेने गेलो, एकदा नगरचे पाहुणे होते, एकदा आमच्याच नातवंडांना नेले.

ह्यावर आमच्या चाळीतच दोन आक्षेप निघाले. एकजण म्हणाला, "मेलेल्या गिरण्या दाखवून काय मिळणार? पाहुणा कंटाळतो." अहो, वसईचा पडका किल्ला बघायला लोक तिकडे धावतातच ना? काळ्या घोड्याजवळ वॉटसनचे जुने हॉटेल जीर्ण होऊन उभे आहे, तिथे १८९६ साली सिनेमा पहिल्यांदा दाखवला म्हणून लोक थांबून बघतात. मग ताडदेवला १८५६ साली दावरशेठची पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती जागा का बघू नये?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "दाखवायला शिल्लक काय आहे?" १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो विरघळला. १९९१ साली कायदा झाला: गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली त्यात असा फेरफार झाला की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची. बाकीची जागा मालकाची. २००६ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. आपल्या दीड लाखाहून जास्त अर्जांपैकी किती जणांना घराची किल्ली मिळाली ते तुम्ही तुमच्या चाळीत मोजा. जिथे कापड विणले जात होते तिथे कचेऱ्या आल्या, पण स्टेशनचा पूल गिरणीच्या जमान्यातलाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या त्या जिन्यावर वीसहून जास्त माणसे चेंगरून मेली. त्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात. पाहुण्याला ही जागाही दाखवा.

बी. डी. डी. चाळी चार ठिकाणी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी, मिळून २०७. त्या पाडून मनोरे होत आहेत, वरळीत २०२५ साली पहिल्या किल्ल्याही मिळाल्या. चांगलेच झाले. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्याला ५०० फूट मिळाले तर रडेल कोण? पण एक चाळ, निदान एक खोली, मोरीसकट, माळ्यासकट, दोरीवरच्या वाळत्या कपड्यांसकट ठेवा. लाटसाहेबाच्या बंगल्याला वारसा म्हणता, तर ह्या खोलीला काय म्हणणार? गिरणीच्या प्रत्येक जुन्या फाटकाच्या जागी एक पाटी लावा: इथे अमुक गिरणी होती, इतके लोक कामाला होते, अमुक साली बंद झाली. मनोऱ्याच्या मालकाला ह्यात दमडीचा तोटा नाही. उरलेल्या चिमण्या पाडू नका. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात कापडगिरणीचे संग्रहालय करायची बोलणी वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. तिथे साचे चालते ठेवायचे असतील तर चालवणारे हात अजून जिवंत आहेत, आज आहेत. आबा ७४ वर्षांचा आहे.

पाटी लागेपर्यंत आपण थांबायचे नाही. येत्या २१ नोव्हेंबरला आम्ही सकाळी सात वाजता परळच्या कामगार मैदानाच्या फाटकाशी जमणार आहोत. गुडघे दुखणाऱ्यांनी भायखळ्यापासून यावे, तिथे बसायला कठडा आहे. प्रत्येकाने एक पाहुणा आणायचा: गावचा, परप्रांताचा, परदेशातला मिळाला तर फारच उत्तम, कुणीच नसेल तर शेजारच्या मनोऱ्यातला. पाटणचा पोरगा येतो म्हणाला आहे. भाकरी बरोबर घ्या, मंडईपाशी थांबून खाऊ.